‘पिंक मून’ची पार्श्वभूमी : दोन रात्री आणि एक गिटार

ऑक्टोबर १९७१. लंडनच्या चेल्सी भागातल्या ‘साउंड टेक्निक्स’ या स्टुडिओत दिवसा इतरांचं काम चालू असायचं, त्यामुळे इंग्लिश गायक-गीतकार निक ड्रेकचं ध्वनिमुद्रण रात्री अकराच्या सुमारास सुरू झालं. सोबतीला फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुड. दोन रात्रींत अकरा रचना पुऱ्या झाल्या. २५ फेब्रुवारी १९७२ रोजी आलेला ‘पिंक मून’ हा त्याचा तिसरा अल्बम जेमतेम २८ मिनिटांचा आहे. आवाज आणि गिटार, शीर्षकगीतात मागाहून भरलेले पियानोचे थोडे सूर, बस्स.

हा साधेपणा नाइलाजाने आलेला नाही, हे आधीचे दोन अल्बम ऐकले की कळतं. ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ (१९६९) मधल्या बऱ्याच गाण्यांना केंब्रिजमधला मित्र रॉबर्ट कर्बी याने तंतुवाद्यांची साथ लिहिली होती. ‘ब्रायटर लेटर’ (१९७१) मध्ये निर्माता जो बॉइड याने ड्रम, बास, ब्रास असा मोठा ताफा उभा केला. रिचर्ड थॉम्पसन आणि जॉन केलसारखे कसलेले वादक त्यात आहेत. अल्बम देखणा आहे, पण ज्या गिटारवर ही गाणी सुचली ती अनेक ठिकाणी मागे ढकलली जाते. तोही खपला नाही. बॉइड कामासाठी अमेरिकेला गेला आणि ड्रेकने वुडला सांगितलं की या वेळी वाद्यमेळ नको.

या गिटारचं मूळ शोधायचं तर थोडं घरातही डोकवावं लागतं. ड्रेकचा जन्म १९४८ साली रंगूनला झाला. तो वाढला इंग्लंडमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या गावात. त्याची आई मॉली पियानोवर स्वतःची गाणी रचायची. तिची घरगुती ध्वनिमुद्रणं पुढे प्रसिद्ध झाली. ती ऐकल्यावर मुलाच्या स्वरसंगतीतली हुरहुर कुठून आली असावी याचा अंदाज येतो.

खरी मेख मात्र तारा लावण्यात आहे. गिटारच्या तारा नेहमी जाडीकडून बारीककडे ई-ए-डी-जी-बी-ई अशा लावतात. शीर्षकगीतासाठी त्या सी-जी-सी-एफ-सी-ई अशा लागतात. म्हणजे सहावी (सर्वांत जाड) तार चार अर्धस्वर (एक अर्धस्वर म्हणजे गिटारवरचं एका घराचं अंतर) खाली, पाचवी, चौथी आणि तिसरी प्रत्येकी दोन खाली, दुसरी एक वर, पहिली आहे तशीच. मग दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूपट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारी पकड. सी हा षड्ज धरला तर मोकळ्या तारा सा-प-सा-म-सा-ग अशा बोलतात. मध्यम मधल्या तारेवर, गंधार त्याच्या वरच्या सप्तकात, आणि दोन्ही एकदम घुमत राहतात. म्हणून मोकळी गिटार छेडली तरी स्वर पुरता विसावत नाही. काहीतरी अजून सांगायचं राहिलंय असं वाटत राहतं. डाव्या हाताची एक-दोन बोटंही पुरतात, उरलेल्या तारा तंबोऱ्यासारख्या चालू राहतात. एकट्या गिटारवर हा अल्बम रिकामा वाटत नाही तो यामुळे.

वाजवून पाहणाऱ्यांची गाडी ठरावीक ठिकाणीच अडते. कॅपो न वापरता तेच सूर मिळवायला थेट डी-ए-डी-जी-डी-एफ शार्प लावायला गेलं तर दुसरी तार तीन अर्धस्वर वर ताणावी लागते आणि ती तुटू शकते. कॅपो लावला की तारा किंचित चढतात, सैल सहावी सर्वांत जास्त. म्हणून शेवटची जुळणी कॅपो लावल्यानंतरच करावी. शिवाय सी-पर्यंत उतरवलेल्या त्या तारेवर अंगठा जोरात पडला तर सूर आधी चढतो, मग खाली येतो, आणि तार फ्रेटवर खडखडते. थोडी जाड सहावी तार लावली तर हे बरंच आवरतं. ड्रेकचा अंगठा ऐका : खर्जाचा प्रत्येक ठोका सुटा, स्वच्छ आणि लयीत घट्ट. हळुवार गाण्याखाली इतका खंबीर हात क्वचितच ऐकू येतो.

याच जुळण्यांनी त्याचं नुकसानही केलं. गाणं बदललं की तारा बदलायच्या. मंचावर त्यात मिनिटं जायची, तो श्रोत्यांशी बोलायचा नाही, आणि सभागृहात कुजबुज वाढायची. त्याने लवकरच कार्यक्रम जवळपास बंद केले. मुलाखतींपासून तो दूरच राहिला. मोठेपणी गातानाचं त्याचं चित्रीकरणही उपलब्ध नाही. अल्बम लोकांपर्यंत पोहोचवणारं कोणीच उरलं नाही. तिन्ही अल्बमची सुरुवातीची विक्री प्रत्येकी ५,००० प्रतींच्या आतच राहिली.

२५ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या २६व्या वर्षी, नैराश्यावरच्या गोळ्यांच्या अतिमात्रेने तो गेला. १९७९ साली ‘फ्रूट ट्री’ हा त्याच्या अल्बमचा संच निघाला आणि ड्रेकचं नाव जाणत्यांच्या वर्तुळात पसरलं. १९९९ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनच्या जाहिरातीत ‘पिंक मून’चं शीर्षकगीत वाजलं, तेव्हा कुठे विक्रीने उसळी घेतली.

तेव्हापासून या अल्बमला ‘निरोपाचं पत्र’ म्हणायची पद्धत पडली आहे, आणि ती चुकीची आहे. ध्वनिमुद्रण आणि मृत्यू यांच्यामध्ये तीन वर्षं गेली. १९७४ मध्ये तो पुन्हा वुडकडे नवी गाणी घेऊन आला, तेव्हा त्याची अवस्था खरोखरच ढासळलेली होती : गिटार आधी आणि आवाज नंतर, असं वेगवेगळं मुद्रित करावं लागलं. ‘पिंक मून’मध्ये तोच माणूस हे दोन्ही एकाच वेळी, सहज पेलतो.