गोवावेशीतला पाव आणि 273 रुपयांचं बिल

परवा बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका नव्या कॅफेत भाचीनं अंड्याचं क्रॉइसाँ-सँडविच मागवलं. ते ताटलीत नव्हे, लाकडी फळीवर आलं. वर मोहरीच्या रोपासारखी चार हिरवी पानं, आत अर्धवट शिजलेलं अंडं. किंमत 260, अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा जीएसटी धरून 273. बाहेर पडलो तर कोपऱ्यावर आमचा नेहमीचा आम्लेटवाला. तव्यावरचं अंडं अजून ओलं असतानाच तो दोन स्लाइस त्यावर दाबतो, उलटतो, घडी घालतो आणि उलथन्याच्या धारेनं चार तुकडे करून वर्तमानपत्रावर सरकवतो. कॅफेतल्या एका सँडविचच्या पैशात तिथं आमच्या घरातले सगळे खाऊन उठतील. उठतील म्हणजे काय, बसायला आहेच काय तिथं!

मुळात पाव आमच्याकडे नाश्त्याला नव्हताच. भाकरी, भात, सणासुदीला पोळी हेच इथलं खाणं. पाव आला शेजारून. बेळगावात एका चौकाचं नावच गोवावेस, म्हणजे गोव्याकडं जाणाऱ्या वाटेवरची वेस. गोवा 1510 ते 1961 पोर्तुगीजांकडे होता आणि आपला 'पाव' हा शब्दही त्यांचाच. इथं यीस्ट मिळेना, म्हणून गोव्यातल्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, माडाची सूर (माडी) घालून पीठ आंबवलं. रात्रभर पीठ फुगायचं आणि पहाटे लाकडाच्या भट्टीत जायचं.

आपल्या लोकांनी मात्र हा पाव बरीच वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवला. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, ते पाणी प्यायलं आणि अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट कोकण-गोव्यात घरोघर सांगितली जायची. शिवाय कणीक पायानं तुडवतात म्हणून तो 'पाव', अशी व्युत्पत्ती लावणारेही होते. माझी आजी शेवटपर्यंत तेच सांगायची. तापातून उठलेल्याला दुधात बुडवून ब्रेड द्यायला मात्र तिची हरकत नसे. औषधाला सोवळं नसतं.

दुसरी वाट कॅम्पातली. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि मग इथं छावणी वसली. गोऱ्या पलटणीला रोज पाव-बिस्किटं लागत. छावणी तिथं बेकरी, हे देशभर झालं तसं इथंही झालं. कॅम्पातला बन, खारी, टोस्ट, चहात बुडवायचं कडक बटर हळूहळू गावातल्या गल्ल्यांत उतरलं. बटर म्हणजे लोणी नव्हे, हे बाहेरच्या माणसाला अजूनही समजावून सांगावं लागतं.

तिसरी वाट निपाणीकडून येते आणि माझ्या मते हीच खरी रंगतदार. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नव्हे, स्लाइस देतात. वडासुद्धा दोन स्लाइसमध्ये घालून 'वडा-ब्रेड' म्हणून खातात. ती रीत हायवेनं खाली उतरली. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी 1966 च्या सुमारास वडापाव सुरू केला असं मानतात; मुंबईला कामाला गेलेल्या इकडच्या माणसांनी त्याची चव गावी आणली. त्याच सुमारास, 1965 मध्ये, सरकारनं मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि मेणकागदात गुंडाळलेला, कापलेला ब्रेड शहरी माणसाच्या सवयीचा झाला. (हीच कंपनी 2000 मध्ये सरकारनं खासगी कंपनीला विकली. ब्रेड विकणं हे सरकारचं काम नव्हे, हे कळायला पस्तीस वर्षं लागली.) एकूण काय, बेळगावचा माणूस पाव आणि स्लाइस या दोन्ही पंथांचा. कुठं काय घ्यायचं, ते तो विचार न करता ठरवतो.

सँडविच हे नाव मात्र गरिबाघरचं नाही. ते एका इंग्लिश उमरावाच्या पदवीवरून पडलं, आणि एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या रोजनिशीत 1762 साली तो शब्द येतो. पुढं ते कामगाराच्या डब्यात गेलं. नाश्त्याच्या सँडविचचा प्रवास तर आणखी मजेशीर. कॅलिफोर्नियात मॅकडॉनल्ड्सची शाखा चालवणाऱ्या हर्ब पीटरसनला 'एग्ज बेनेडिक्ट' ही हॉटेलातली शौकीन डिश फार आवडायची. ती हातात धरून खाता यावी म्हणून त्यानं गोल साच्यात अंडं शिजवलं, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एग मॅकमफिन जन्माला आलं. म्हणजे श्रीमंताचं ताट गाडीत बसून खाण्याइतकं खाली आलं. 2011 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एग्सलट नावाचा ट्रक निघाला. त्यानं तेच अंडं ब्रिओश या लोणी-अंडं घातलेल्या मऊ पावात घालून पुन्हा वर चढवलं. लंडनमध्ये डिशूम या रेस्टॉरंटनं मुंबईच्या इराण्याची आठवण काढत नानमध्ये बेकन गुंडाळलं आणि लोक त्यासाठी रांग लावू लागले.

बेळगावात ही हवा उशिरा पोचली, पण तयारी आधीपासून होती. मेडिकल कॉलेज 1963 चं, व्हीटीयू हे तांत्रिक विद्यापीठ 1998 चं, 2010 पासून मलेशियाची मुलंही डॉक्टरकी शिकायला इथं येऊ लागली. घरापासून लांब राहणाऱ्यांच्या खिशात पैसे असतात आणि सकाळी स्वयंपाकघर नसतं. त्यात 2020 साली बेंगळुरू-पुण्याची आमची पोरं लॅपटॉप घेऊन घरी परतली. त्यांना कॉफी हवी होती, वायफाय हवं होतं आणि तीन तास कुणी उठवू नये अशी खुर्ची हवी होती.

ब्रेडवर जीएसटी शून्य आहे. अंडं गाडीवरचं आणि कॅफेतलं एकाच कोंबडीचं. मग बाकीचे पैसे जातात कशात? भाड्यात, एसीत, कॉफीच्या मशीनमध्ये आणि त्या तीन तासांत. मला हे लुबाडणं वाटत नाही. भाची म्हणाली, "मामा, तुम्ही गाडीवर उभे राहता तेव्हा कुणी बघत नाही. आम्ही मुली उभ्या राहिलो की अख्खा चौक बघतो." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. मेनूत 'सावरडो'चे वेगळे पैसे लावतात. बाजारच्या यीस्टशिवाय, निसर्गातल्या किण्वावर तासन्‌तास आंबवलेला पाव, असं त्याचं वर्णन पोऱ्यानं पाठ म्हणून दाखवलं. गोव्याच्या पोदेराची सूर याहून वेगळी काय होती? ज्याला शिवलं तर बाटू म्हणून आजी घाबरायची, तोच घाटापलीकडचा पाव आडवळणानं आला आणि आता फळीवर मिरवतो.

आणि तो मेनू नुसता इंग्रजीत. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून या गावात माणसं रस्त्यावर उतरली आहेत. कॅफेत मराठीही नव्हती, कन्नडही नव्हती, आणि शेजारच्या टेबलांवर कुणाला ते खटकलेलं दिसलं नाही. आम्लेटवाल्याच्या पत्र्यावर मात्र वर कन्नड, खाली मराठी आहे. परवा त्यानं खडूनं एक ओळ वाढवली: 'चीज सँडवीच मिळेल'.