जर्नल क्लब: एकत्र वाचनाची मुळं

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला किंवा पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये आठवड्यातून एकदा कुणीतरी एखादा शोधनिबंध मांडतो आणि बाकीचे त्याची उलटतपासणी घेतात. या तासाला बहुतेक ठिकाणी 'जर्नल क्लब' म्हणतात. त्याचा उगम मात्र पैशांच्या चणचणीत आहे.

विल्यम ऑस्लर हे १८७५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात वैद्यकाचे तरुण प्राध्यापक होते. परदेशी नियतकालिकं एकट्याच्या खिशाला परवडेनात, म्हणून त्यांनी सहकाऱ्यांना गोळा करून वर्गणीचा क्लब काढला. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्येही त्यांनी हा परिपाठ चालू ठेवला. ऑस्लर यांच्याही आधी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे विद्यार्थी जवळच्याच एका बेकरीच्या माडीवर नियतकालिकं वाचायला जमत, असं इंग्लिश शल्यविशारद जेम्स पॅजेट यांच्या आठवणींत आहे. संध्याकाळी काही जण तिथेच पत्तेही कुटत!

विद्यापीठीय सेमिनारची परंपरा वेगळी, ती जर्मन. क्योनिग्सबर्ग विद्यापीठात गणितज्ञ याकोबी आणि भौतिकशास्त्रज्ञ नॉयमन यांनी १८३४ मध्ये गणित-भौतिकीचा सेमिनार सुरू केला. विद्यार्थ्याने नुसतं ऐकायचं नाही, स्वतः काम करून ते मांडायचं, ही तिथली अट. १८७६ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्सने हाच नमुना अमेरिकेत नेला.

आपल्याकडे ही पद्धत उशिरा रुजली, आणि माझ्या मते त्याचं कारण १८५७ मध्येच सापडतं. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. त्यांचं काम परीक्षा घेणं आणि पदव्या देणं, शिकवणं महाविद्यालयांकडे. ज्या विद्यापीठात वर्गच नाही, तिथे सेमिनार कुठून येणार? १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने अध्यापनाची वाट मोकळी केली. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस समाजशास्त्र शिकवू लागले.

कलकत्त्यात त्याच सुमारास सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा नवं भौतिकशास्त्र शिकवत होते, पण पहिल्या महायुद्धामुळे जर्मनीहून काही येत नव्हतं. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ब्रुल या प्राध्यापकांकडची जर्मन पुस्तकं त्यांनी मागून आणली. आइन्स्टाइन आणि मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरच्या निबंधांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्ये छापला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएचडीला कोर्सवर्क सक्तीचं केलं ते २००९ मध्ये. संशोधनपद्धती अनिवार्य झाली. प्रकाशित संशोधनाचा आढावा मात्र 'घेता येईल' एवढ्यावरच सुटला. सक्ती नेमकी याची हवी होती.

नियतकालिकांच्या किमतीचा प्रश्न २०२५ पासून काहीसा हलका झाला आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं केंद्र आणि राज्यांच्या सरकारी संस्थांना खुली केली आहेत. पहिल्या टप्प्यात खासगी महाविद्यालयांना त्यात जागा नाही.