मोरी, बांगडा आणि पारा

कोकणात मासळी घेताना आपण डोळ्यांची चमक आणि कल्ल्यांचा लाल रंग पाहतो. ताजेपणासाठी ही पारख अचूक आहे, परंतु मांसात साठलेला पारा तिच्यातून कळत नाही, कारण त्याला तेथे रंग, वास किंवा चव काहीच नसते.

कोळशाचा धूर, कारखान्यांचे सांडपाणी, ज्वालामुखी अशा अनेक वाटांनी पारा समुद्रात येतो. खाडीच्या ज्या काळ्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्यात प्राणवायूवाचून, सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात; तो वास त्यांनी तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि त्यांच्यापैकीच काही जिवाणू पाऱ्याचे मिथिल-पारा या विषारी संयुगात रूपांतर करतात. प्लवकांतून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांतून, लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्या माशांत जाताना त्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढत जाते. म्हणूनच प्लवकांवर जगणारी तारली आणि बांगडा यांच्यात पारा सहसा कमी आढळतो, तर दीर्घायुषी शिकारी असलेल्या मोठ्या मोरीत, म्हणजे शार्क माशात, बराच जास्त. मिथिल-पारा चरबीत साठत नाही, मांसातील प्रथिनांना चिकटतो. त्यामुळे साल काढून, तळून किंवा आमसुलाच्या आंबट रसात शिजवूनही तो जात नाही.

जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या मिथिल-पाऱ्याच्या विषबाधेत गर्भातील बालकांच्या मेंदूलाही इजा झाली होती. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये आठवड्याची मर्यादा ठरवताना गर्भाचाच विचार केला: शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम मिथिल-पारा. म्हणजे ५० किलो वजनाच्या स्त्रीसाठी ८० मायक्रोग्रॅम. समजा, एका माशाच्या किलोभर मांसात ०.५ मिलिग्रॅम मिथिल-पारा आहे. त्याच्या १६० ग्रॅममध्येच, म्हणजे दोन-तीन तुकड्यांत, आठवड्याची मर्यादा गाठली जाते. हेच प्रमाण ०.०५ मिलिग्रॅम असेल, तर त्यासाठी १.६ किलो मासळी खावी लागेल.

अनेक घरांत बाळंतिणीला दूध यावे म्हणून आवर्जून मोरी देतात. त्यामागची माया मी जाणतो आणि लहान मोरीत पारा मोठ्या मोरीपेक्षा कमी असतो हेही खरे. तरीही खरा धोका बाळंतपणाच्या आधीचा आहे, कारण मिथिल-पारा वारेतून सहज गर्भापर्यंत जातो, दुधातून त्यामानाने कमी. गरोदरपणाच्या त्या महिन्यांत मोठी मोरी आणि मोठा कुपा (ट्यूना) टाळावा, मासे मात्र सोडू नयेत. बाळाच्या मेंदूला लागणारी ओमेगा-३ मेदाम्ले तारली-बांगड्यातून उत्तम मिळतात.

कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूची गोष्ट वेगळी आहे. ते मांसापेक्षा आतल्या अवयवांत साठते, त्यामुळे माकुलाचे (स्क्विडचे) पोट नीट साफ करण्याची आपली रीत येथे खरोखर उपयोगी पडते. कुर्लीच्या (खेकड्याच्या) कवचाखालचा तपकिरी भाग चवीला कितीही गोड असला, तरी तो रोज खाण्याचा नव्हे. तिसऱ्या आणि कालवे हे शिंपल्यांतले जीव पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे पाण्यातील धातूही त्यांच्या अंगात साचतात. रात्रभर पाण्यात ठेवल्यावर तिसऱ्यांतील रेती निघते, धातू निघत नाहीत. म्हणून कारखान्यांचे सांडपाणी जेथे मिसळते, तेथील तिसऱ्या कितीही भरलेल्या दिसल्या तरी घेऊ नयेत.