फेकबी जनुक

मेंढीच्या एका माजात किती अंडपुटके पिकून फुटतात आणि पर्यायाने एका वेताला किती कोकरे होतात, यावर मोठा प्रभाव असलेले जनुक. सातारा जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणले.

उगम : नावातील ‘बी’ ऑस्ट्रेलियातील बूरूला मेरिनो मेंढ्यांवरून आला. त्यांचे जुळे-तिळे एकाच मोठ्या जनुकामुळे होत असावे, असा विचार १९८२ च्या सुमारास पुढे आला. मूळ कोठले, याबद्दल मतभेद आहेत. १७९२–९३ मध्ये कोलकात्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने न्यू साउथ वेल्सला गेल्या. पुढे सुंदरबनातील गरोळ मेंढीत जनुकातला नेमका तोच बदल (उत्परिवर्तन) सापडला. चीनमधील हू मेंढीतही तो असल्याने उत्परिवर्तन बरेच जुने असावे. मात्र ऑस्ट्रेलियात ते बंगालमधूनच पोचले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कार्य : जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. २००१ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की या जनुकाच्या बीएमपीआर-१बी या ग्राही प्रथिनात (पेशीवर बाहेरचे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनात) २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येते. एरवी एक पुटक पुढे जाते आणि बाकीची जिरतात. हा बदल असलेल्या मेंढीत अनेक पुटके लहान असतानाच पक्व होतात. बूरूला मेंढीत जनुकाच्या एका प्रतीमागे सुमारे दीड अंडे वाढते. एक्स गुणसूत्रावरील बीएमपी-१५ जनुकाच्या काही उत्परिवर्तनांचे वागणे याहून फार वेगळे : एक प्रत अंडी वाढवते, दोन प्रतींनी पुटकांची वाढ सुरुवातीलाच खुंटून मेंढी वांझ राहते. फेकबीच्या दोन प्रतींनी वांझपण येत नाही, म्हणूनच पैदाशीला ते सोयीचे.

फलटणमधील प्रयोग : गरोळ मेंढी जेमतेम १०–१४ किलोची. तिचे जनुक हवे, पण अंगलट दख्खनीच हवी. म्हणून संकरित पिढ्या पुन्हा पुन्हा दख्खनीशी जोडल्या आणि प्रत्येक पिढीत रक्तातील डीएनए तपासून जनुकधारी कोकरे निवडली. त्यातून ‘नारी सुवर्णा’ (‘नारी’ ही संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) ही मेंढी घडली.

धनगराच्या दृष्टीने जुळे हवे, तिळे नको. मेंढीला सड दोनच. दोन कोकरे दोन बाजूंनी ढुशा देत पितात, तेव्हा तिसरे उपाशी मागे राहते. दख्खनीत या जनुकाने बहुतेक जुळीच होतात, तिळी थोडी, ही मोठीच जमेची बाजू. तरी माण-खटावच्या कोरड्या रानात नुसत्या चराईवर भागत नाही; जुळ्यांची गाभण मेंढी शेवटच्या दीड महिन्यात पेंड-भरडा मागते.