रताळं सावकाश, बटाटा हलक्या हाताने

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचं जेवण असतं आणि त्या दिवशी ओव्हन टर्कीच्या ताब्यात असतो. मोठा पक्षी आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचायला तीन-चार तास सहज लागतात. कौतुक सगळं तिचंच होतं, पण ताट भरतं ते तोंडीलावण्यांनी: रताळी, कुस्करलेला बटाटा, क्रॅनबेरीचा सॉस, फरसबी. तिथल्या शाकाहारी मराठी पाहुण्याचं तर जेवणच त्यांच्यावर होतं. हे पदार्थ करायला सोपे आहेत. बिघडतात तेव्हा सहसा मीठमसाला चुकलेला नसतो, आच चुकलेली असते.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो रताळ्यात. तिकडचं नारिंगी रताळं आणि आपलं उपासाचं रताळं एकाच जातीचं. नारिंगी रंग बीटा-कॅरोटीनचा. कच्च्या रताळ्यात थोडी साखर असते, पण भरणा स्टार्चचा. त्याच रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं आणि ते स्टार्च तोडून माल्टोज ही साखर बनवतं. अट एकच: स्टार्चचे कण आधी उष्णतेने फुगायला हवेत, म्हणजे साधारण ६० अंशांच्या पुढे जायला हवं. आणि ८० अंशांच्या आसपास पोचलं की हे विकरच निकामी होतं. गोडी तयार व्हायला एवढीच फट मिळते.

मायक्रोवेव्हमध्ये रताळं ही फट काही मिनिटांत ओलांडतं. ते शिजतं, मऊ होतं, पण त्याची चव पिठूळच राहते. अख्खं, सालासकट रताळं मंद ओव्हनमध्ये ठेवलं तर त्याचा गाभा हळूहळू तापतो आणि विकराला भरपूर वेळ मिळतो. चुलीच्या आरात भाजलेलं रताळं घाईने उकडलेल्यापेक्षा गोड लागतं, तेही याचमुळे. टर्कीचा ओव्हन बहुधा १६० अंशांच्या जवळपास असतो. त्यातच खालच्या जाळीवर तबकात रताळी ठेवून द्यावीत. तास-सव्वा तासाने साल सुरकुततं, टोकाकडून चिकट पाक पाझरतो आणि तबकावर त्याचे काळपट थेंब करपू लागतात. तो पाक दिसला की रताळं झालं. वर लोणी आणि चिमूटभर मीठ पुरतं. पुष्कळ घरांत वर ब्राउन शुगर आणि मार्शमेलो घालतात. माझ्या मते सावकाश भाजलेल्या रताळ्याला त्याची काहीच गरज नाही. शिवाय नेहमीच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढतात. शाकाहारी पाहुण्यांना हे आधी सांगायला हवं.

बटाट्याचं गणित वेगळं. त्याच्या पेशी स्टार्चच्या कणांनी गच्च भरलेल्या असतात. शिजताना कण पाणी पिऊन फुगतात आणि पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सैल होतं. पेशी अख्ख्या राहून नुसत्या सुट्या झाल्या तर बटाटा हलका, रवाळ लागतो. मिक्सरच्या पात्याने त्या फुटल्या की आतला स्टार्च बाहेर येतो आणि भांड्यात खळ तयार होते. मग कितीही लोणी घाला, ती सुधारत नाही. म्हणून रसेटसारखा पिठूळ बटाटा घ्यावा, सारख्या आकाराचे तुकडे करून थंड पाण्यातच टाकावेत, म्हणजे आत शिजेपर्यंत बाहेरचा भाग फुटून जात नाही. पाणी निथळून तुकडे पुन्हा गरम पातेल्यात टाकावेत आणि मिनिट-दोन मिनिटं वाफ जाऊ द्यावी. कुस्करायला आपलं पुरणयंत्र उत्तम: ते दाबतं, घुसळत नाही. आधी लोणी, मग गरम दूध.

याहून खात्रीचा उपाय हवा असेल तर तुकडे ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून गार करायचे आणि मग शिजवायचे. पहिल्या तापवण्यात फुगलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बांधला जातो आणि नंतर सहज बाहेर निसटत नाही. १९५०च्या दशकात फिलाडेल्फियाजवळच्या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत बटाट्याचे झटपट फ्लेक्स, म्हणजे गरम पाणी घातलं की कुस्करलेला बटाटा होणारे वाळवलेले पापुद्रे, विकसित झाले, ते याच युक्तीच्या आधारावर.

क्रॅनबेरीचं फळ कापलं तर आत हवेचे चार कप्पे दिसतात. त्यामुळे ते तरंगतं, आणि म्हणूनच विस्कॉन्सिन, मॅसॅच्युसेट्समध्ये शेतात पाणी भरून ही फळं गोळा करतात. पेरूप्रमाणे यातही पेक्टिन भरपूर, शिवाय आम्लही. ३४० ग्रॅम फळं, एक कप साखर, एक कप पाणी. फळं टपटप फुटायला लागली की पेक्टिन मोकळं होतं. दहाएक मिनिटांत गॅस बंद करावा. तेव्हा सॉस पातळच दिसतो आणि हात पुन्हा गॅसकडे जातो. जाऊ देऊ नये, गार होताना तो आपोआप आळतो. साखर फार कमी केली तर मात्र नीट आळत नाही, कारण पेक्टिनचं जाळं विणलं जायला साखर आणि आम्ल दोन्ही लागतात. दोन दिवस आधी करून ठेवला तरी चालतो.

फरसबीचा प्रसिद्ध कॅसरोल, म्हणजे सगळं एकत्र करून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, १९५५ साली डॉर्कस रायली यांनी कॅम्पबेल या सूप कंपनीच्या न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात तयार केला: मशरूम सूप, दूध, सोया सॉस, मिरपूड, फरसबी आणि वर तळलेला कांदा. डब्यातल्या फरसबीऐवजी ताजी घेतली तर ती भरपूर उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता, काही मिनिटंच उकडावी. झाकण ठेवलं तर भाजीतून निघणारी आम्लं वाफेबरोबर उडून जात नाहीत. त्यांच्यामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि शेंगा शेवाळी पडतात. खायचा सोडा घातला तर रंग टिकतो, पण शेंगांचा लगदा होतो. नुसती परतलेली फरसबी करणार असाल तर लिंबू पानात वाढल्यावरच पिळावं.