नोडओएसमधील पॅकेज व्यवस्थापन

नोडओएस ही लिनक्स कर्नलवर (यंत्रसामग्री हाताळणाऱ्या गाभ्यावर) नोड.जेएस हे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन बसवून तयार केलेली प्रायोगिक संगणक प्रणाली. कर्नलच्या वरचे जवळजवळ सगळे जावास्क्रिप्टमध्ये. यंत्र सुरू झाल्यावर पहिली उठणारी प्रक्रियाही नोडचीच. त्यामुळे आयझॅक श्लूटर यांनी २०१० मध्ये आणलेले एनपीएम, म्हणजे नोडची पॅकेजे (तयार कोडचे गठ्ठे) उतरवून देणारे साधन, इथे थेट प्रणालीच्या पॅकेजांचे कोठार ठरते.

काम टर्मिनलवर चालते. ‘एनपीएम इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचे नाव लिहिले, की त्या पॅकेजची पॅकेज.जेसन ही फाइल वाचली जाते. तिथे लिहिलेली इतर पॅकेजे, त्यांना लागणारी आणखी पॅकेजे, असे सगळे नोड_मॉड्यूल्स या फोल्डरमध्ये उतरते. खानदेशात भरिताचा बेत ठरला की असेच होते. वांगी आणून भागत नाही. भाजायला कपाशीच्या वाळल्या काड्या हव्यात, सोबत कळण्याच्या पुऱ्या हव्यात, म्हणजे आधी दळण आले. मागितले एक, घरात आल्या दहा वस्तू.

या साखळीतली एक कडी निसटली तर काय होते, ते मार्च २०१६ मध्ये दिसले. ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम ११ ओळींचे पॅकेज, मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणारे. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादात लेखकाने आपली पॅकेजे काढून घेतली आणि बेबेलसारख्या (नवे जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणाऱ्या) मोठ्या साधनांवर उभे असलेले प्रकल्प बांधले जाईनात. पुढे पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक झाले. अकरा ओळी स्वतः लिहायचा कंटाळा महागात पडला, असेही म्हणता येईल. एनपीएमच्या ५व्या आवृत्तीपासून (२०१७) पॅकेज-लॉक.जेसन ही फाइल आपोआप तयार होते. तीत प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदलेली असते.

नोडओएसची खरी अडचण वेगळी आहे. काही पॅकेजांत सी++ या दुसऱ्या भाषेतला भाग असतो आणि तो बांधायला कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) व पायथन ही भाषा लागतात. निव्वळ जावास्क्रिप्टच्या घरात हे पाहुणे उपाशीच राहतात.

एकदा उतरवलेली पॅकेजे एनपीएमच्या कॅशेत, म्हणजे संगणकावरच्याच साठवणीत, राहतात. जळगाव-धुळ्याला शिकणारा विद्यार्थी सुट्टीत गावी गेला आणि भारनियमनात नेट रडू लागले, तर ‘एनपीएम इन्स्टॉल’ला ‘प्रिफर-ऑफलाइन’ हा पर्याय जोडावा. कॅशेत असलेले पॅकेज तिथूनच घेतले जाते, नसेल तेवढेच नेटवरून मागवले जाते.