कात्रीनं आणलेला हिवाळा: सोलापूरच्या द्राक्षबागा आणि त्यांची वाइन

युरोपातल्या वाइन सहलींचे फोटो बघून वसंतातल्या द्राक्षबागेचं एक ठरावीक चित्र आपल्या डोक्यात बसलेलं असतं: उघड्या काड्या आणि त्यांवर नुकतीच फुटलेली पोपटी पालवी. फाल्गुनात माळशिरस तालुक्यात जाऊन तसं काही शोधू नका. तेव्हा इथे शेवटचे घड क्रेटमध्ये पडत असतात, वाइनरीच्या टाक्यांत रस फसफसत असतो आणि महिन्याभरात याच वेलींवर कात्री चालून बाग बोडकी व्हायची असते. टस्कनीत मार्चमध्ये वेल झोपेतून उठते आणि माल सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतो. आपल्याकडे वर्ष अगदी उलटं फिरतं. म्हणून सोलापूरकरांना वाइनरी बघायची असेल, तर हाच मोसम गाठावा. तोडणी, आंबवण आणि छाटणी अशी तिन्ही कामं थोड्याशा अंतरानं बघायला मिळतात.

हे उलटं वर्ष येतं कुठून? वाइनची द्राक्षवेल मूळची समशीतोष्ण पट्ट्यातली, साधारण ३० ते ५० अक्षांशांमधली. तिथे थंडी पडली की पानगळ होते आणि काडीवरचे डोळे, म्हणजे फुटव्याचे कोंब, सुप्तावस्थेत जातात. काही आठवडे गारठा सोसल्यावर ही सुप्तावस्था सुटते आणि ऊब आली की सगळे डोळे जवळपास एकदम फुटतात. सोलापूर जिल्हा १७ ते १८ अक्षांशांवर आहे. जानेवारीतली रात्र १५-१६ अंशांपर्यंत उतरली तर आपण स्वेटर काढतो, पण वेलीच्या हिशेबात ही थंडी नव्हेच. तिला मोकळी सोडली तर ती पूर्ण झोपतच नाही. शेंड्याकडचे डोळे फुटत राहतात, मागचे तसेच बसतात, आणि माल कुठे एक घड, कुठे दोन असा विस्कळीत येतो. मग हिवाळ्याचं काम कात्रीला करावं लागतं, तेही वर्षातून दोनदा.

पहिली एप्रिलची खरड छाटणी. ओलांड्याजवळ (तारेवर आडव्या बांधलेल्या जाड फांदीजवळ) एखादा डोळा ठेवून बाकी सगळी काडी काढून टाकतात. या छाटणीनंतर माल घ्यायचा नसतो, नवीन काडी तयार करायची असते. पण माझ्या मते द्राक्षशेतीतली सगळ्यात नवलाची गोष्ट याच काळात घडते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. वाढत्या काडीवरच्या प्रत्येक डोळ्याच्या आत पेशींचा एक सूक्ष्म उंचवटा तयार होतो. त्याचा पुढे घड होणार की नुसती बाळी (तारेला विळखा घालणारा तणावा), हे सुरुवातीला ठरलेलं नसतं. वेलीतल्या सायटोकायनिन या संजीवकाचं (हार्मोनचं) पारडं जड झालं तर घड, जिबरेलिन या दुसऱ्या संजीवकाचं झालं तर बाळी. भरपूर ऊन आणि ऊब मिळाली की घडाची बाजू बळकट होते. नत्र-पाणी जास्त झालं, पानांची दाटी झाली किंवा आभाळ भरून राहिलं, तर काडी जोमदार दिसते पण आत माल नसतो. ‘घड जिरले’, ‘घडाची बाळी झाली’ ही बागायतदाराची तक्रार ऑक्टोबरात ऐकू येते. तिचं मूळ मे-जूनमध्ये असतं. ज्या मे महिन्याला आपण शिव्या घालतो, त्याच महिन्यात पुढच्या वर्षीचा घड ठरत असतो.

दुसरी गोडी छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची. ही फळासाठी. पाऊस ओसरत आला की पिकलेली काडी ठरावीक डोळ्यांवर कापतात आणि ठेवलेले डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागेत याला ‘पेस्ट लावणं’ म्हणतात. हे रसायन डोळ्यातल्या कॅटलेज या विकराला (एंझाइमला) अडवतं, पेशींवर ताण येतो आणि डोळा जागा होतो. थोडं विषयांतर होईल, पण सांगायलाच हवं. हेच रसायन माणसाच्या यकृतातल्या अल्डिहाइड डिहायड्रोजनेज या विकरालाही अडवतं. दारू पचताना अ‍ॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो आणि त्याचा निचरा हेच विकर करतं. म्हणून पेस्ट लावणाऱ्यानं त्याच्या आगेमागे काही दिवस दारूला शिवायचं नसतं, नाहीतर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, मळमळतं. ज्या वेलीची पुढे वाइन व्हायची, तिच्या मशागतीतच हा सक्तीचा कोरडा आठवडा!

सोलापूरला द्राक्ष नवीन नाही. नान्नज बाहेरच्यांना माळढोकामुळे माहीत असतं, बागायतदारांना सोनाका आणि शरद सीडलेस या वाणांमुळे. पंढरपूर तालुक्यातल्या कासेगावचा पट्टाही द्राक्षं आणि बेदाण्यासाठी ओळखला जातो. पण ही सगळी खायची द्राक्षं. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. वाइनचा घड हातात घेतला की फरक लगेच कळतो. मणी हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा. दाताखाली धरला की आधी जाड साल लागते, रस जेमतेम घोटभर, मग दोन-तीन बिया. रस खायच्या द्राक्षापेक्षा गोड, पण साल चावत राहिलं तर जीभ आखडते. बी तपकिरी झालेली असेल आणि चावल्यावर कटकन फुटली, तर घड तयार. साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर २२ ते २४ ब्रिक्स, म्हणजे साधारण शेकडा तितकी साखर, दाखवतो हे खरं, तरी जाणता माणूस बी बघितल्याशिवाय तोडणी सांगत नाही. रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत आणि बियांत असतो, त्यामुळे रसाच्या मानाने साल जितकी जास्त तितकं चांगलं. मण्याला फुगवण्यासाठी खायच्या द्राक्षावर जी मेहनत घेतात, ती इथे उलट नुकसानीची.

अकलूजजवळ मोटेवाडी परिसरात फ्रातेल्ली ही वाइनरी उभी राहिली ती २००० नंतरच्या दशकात. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावाभावांच्या तीन जोड्यांची ही भागीदारी. वाइन करायला टस्कनीचे पिएरो मासी आले आणि त्यांच्या भागातलं सांजोवेझे हे द्राक्ष माळशिरसच्या मुरमाड रानात लागलं. सोलापूरहून हे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. चहूकडे ऊस, साखर कारखाने, आषाढीला पालख्या जातात ती वाट, आणि मधेच तारांवर ओळीनं चढवलेल्या वेली. मुरमाड जमीन इथे गुणाची ठरते. काळ्या कसदार रानात वेल पानांनीच माजते. हलक्या रानात ठिबकवर मोजून पाणी दिलं की ती आवरती राहते आणि मणी लहान राहतो.

खरी झुंज असते उन्हाशी. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो मऊ होऊन पिकू लागला, की साखर चढते आणि आम्ल उतरतं. द्राक्षात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक आम्ल वेल श्वसनात खर्च करते आणि जितकी उष्णता जास्त तितक्या वेगानं करते. रात्र गार असेल तर ते टिकतं. जानेवारी-फेब्रुवारीत दिवसा तिशी आणि रात्री पंधरा-सोळा हा आपल्याकडचा फरक म्हणूनच मोलाचा आहे. मार्चात पारा ३७-३८ला टेकला की आम्ल कोसळतं आणि वाइन चवीला लोळागोळा होते. ३५ अंशांच्या वर लाल द्राक्षात रंगद्रव्य तयार होणंही मंदावतं. म्हणून तोडणी पहाटे, घड गार असताना करतात. गरज पडली तर टार्टारिक आम्ल वरून घालतात. उष्ण देशांतल्या वाइनरींत हा सर्रास मार्ग आहे, त्यात फसवणूक काही नाही. सांजोवेझे आणि पांढऱ्या वाइनचं शेनिन ब्लांक यांसारखी मुळातच आंबटसर वाणं इथे बरी टिकतात, ती याच कारणानं.

आत टाक्यांच्या दालनात गेलात तर पंखे आणि खुली दारं दिसतील. यीस्ट साखरेपासून जवळपास सारख्याच वजनाचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. एक लिटर रसातून पन्नास लिटरहून जास्त वायू सुटतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो, म्हणून हे पंखे. पांढऱ्या वाइनचा रस आधीच पिळून १२ ते १८ अंशांवर सावकाश आंबवतात, नाहीतर वास उडून जातो. लाल वाइन सालींसकट, २५ ते ३० अंशांवर. बाहेर ३८ असताना या टाक्या गार ठेवणं हा इथला मोठा खर्च.

आता चव. पेला फिरवून नाकाशी न्या, मग छोटा घोट तोंडात खेळवा. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशातून मागच्या वाटेनं नाकात गेलेला वास असतो. लाल वाइननं तोंड कोरडं पडतं कारण तिच्यातलं टॅनिन, म्हणजे साल-बियांतला तुरट पदार्थ, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो. काबर्ने सोव्हिन्याँ या लाल वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा वास आला, तर तो पायराझिन या गटातल्या रेणूंचा. उन्हात ते विरतात, म्हणून भरपूर ऊन खाल्लेल्या, पूर्ण पिकलेल्या घडात हा वास कमी. आणि लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची हा नियम सोलापूरच्या मार्चमध्ये धाब्यावर बसवा. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. पस्तिशीतल्या वाइनला फक्त अल्कोहोलचा भपका येतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली तर बिघडत काही नाही.

वाइन हृदयाला चांगली, ही समजूत मात्र घरी ठेवून जा. अल्कोहोल कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ सालीच नोंदवलं आहे आणि वाइन त्याला अपवाद नाही. चाखणारे व्यावसायिक घोट थुंकतात, टेबलावर त्यासाठी भांडं असतं; ते वापरायला लाजू नये. गाडी चालवणाऱ्यानं तर चाखायचंच नाही, फक्त वास घ्यायचा.

सोबत चीज देतात. मी सोलापुरी, त्यामुळे शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेऊन बघितली. भारी लाल वाइनबरोबर चटणी नुसती पेटली, आणि त्यालाही कारण आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं आणि अल्कोहोल त्याच ग्राहींना आणखी हळवं करतं. गार, किंचित गोडसर शेनिन ब्लांक घेतली तेव्हा गाडी रुळावर आली: गारवा आणि साखर तिखटाला आवरतात, आंबटपणा शेंगदाण्याचं तेल जिभेवरून उतरवतो. कडक भाकरी मात्र दोन्हींबरोबर चालली.